सुभद्राआत्याचं खळं

उजव्या पायात जाड चामड्याचा बूट आणि डाव्या पायात रबरी चप्पल, अशी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. इंझोरीच्या शाळेवर बदली झाली तेव्हा मी नामदेवरावांच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. पहिल्याच सकाळी चहाचं आधण ठेवून खिडकी उघडली, तर समोरच्या मोकळ्या जागेत ही बाई एका आडव्या लोखंडी दांड्यावर चढून उभी. दोन हातांत दोन लाकडी मुठी. अंगाचा भार एकदा या पायावर, एकदा त्या पायावर टाकत, डुलत डुलत ती दांड्यासकट हळूहळू खाली चालली होती. मला वाटलं, कसला तरी व्यायाम असावा.

“काय करताय?” मी खिडकीतून विचारलं.

तिनं वर पाहिलं. नवी मास्तरीण ती हीच, हे तिनं ओळखलं असावं.

“काही नाही. उभी हाय.”

आणि पुन्हा डुलायला लागली.

ती सुभद्राआत्या. नामदेवरावांची धाकटी बहीण. इंझोरी तिचं माहेर, म्हणून सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. महिन्याभरात मीही म्हणायला लागले. पन्नाशीला टेकलेली, हाडापेरानं दणकट, आवाज असा की शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोलली तर चावडीवर ऐकू यावं. सासर धनजचं. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा ही एक पत्र्याची पेटी घेऊन भावाच्या दारी आली. हे मला काकूंनी, म्हणजे नामदेवरावांच्या बायकोनं सांगितलं. सांगता सांगता काकू म्हणाल्या, “नवऱ्यानं सोडलं तिले.” आत्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाला मेथीच्या जुड्या बांधत होती. तिथूनच तिचा आवाज आला.

“सोडलं नाही व, वहिनी. मी निंगून आली. फरक हाय त्यात.”

आत्यानं पुढची जुडी बांधायला घेतली.

माझ्या खिडकीसमोरची ती जागा म्हणजे घराचं जुनं खळं. आत्याच्या तोंडी ते ‘खयं’. नामदेवरावांच्या आज्याच्या काळापासून तिथं ज्वारीची कणसं पसरून वर बैल फिरवले होते, दरवर्षी शेणानं सारवून जमीन ठोकून ठोकून बसवली होती. पुढं बैल गेले, मळणीयंत्र आलं, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आल्या. गावातली लग्नंही तिथंच लागायची. पावसाळ्यात तिथं पाणी साचलं की ताटातल्यासारखं तसंच राहायचं; खाली झिरपायचं नाव नाही. गवतसुद्धा उगवत नसे.

माहेरी आल्यावर आत्यानं भावाकडे वावरातला एक तुकडा कसायला मागितला. बसून खाणं तिला जमणारं नव्हतं. नामदेवराव तसे वाईट नव्हते, पण वावर पुढं प्रवीणचं, त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. बहिणीनं पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा ते वैतागून म्हणाले, “खयं घे ना मंग. तिथं काही उगवलं तं तुयं.”

आता हे कोणीही टोमणा म्हणून घेतलं असतं. आत्यानं शब्द म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं खळ्याभोवती बोराटीचं कुंपण घालायला सुरुवात केली.

पुढचं मला तिनंच सांगितलं. भावाला बहुधा आपल्याच बोलण्याची लाज वाटली असावी. त्यांनी गावातला एक रोटावेटरवाला बोलावून त्या माती दळणाऱ्या यंत्रानं खळं फिरवून दिलं. वरची माती पिठासारखी झाली. आत्या हरखली. तिनं मेथी टाकली, पालक टाकला. एक जोराचा पाऊस आला आणि त्या पिठाचा पापड झाला. त्यातूनही जी रोपं वर आली ती पिवळी पडून बसली, कारण वितभर खालची जमीन होती तशीच होती. पाणी खाली जाईना, मुळं खाली जाईनात.

“वरून पीठ आन खालून तवा,” आत्या सांगायची. “तव्यावर मेथी लावली मी. दुसरं काय होईन?”

मग तिनं सब्बल, म्हणजे पहार घेतली. सब्बल रोवायची, हलवायची, थोडी मागं ओढायची, की जमिनीत भेग पडते. उलथायचं नाही, फक्त भेग पाडायची. मग भेगेतून पाणी जातं, हवा जाते, बाकीचं काम मुळं करतात. पण एका सब्बलीनं एवढं खळं कधी व्हावं? तेव्हा ती कारंज्याला वेल्डिंगच्या दुकानात गेली आणि चार सब्बली एका आडव्या नळीला जोडून दे म्हणाली, वर धरायला बाभळीचे दोन दांडे. वेल्डिंगवाला म्हणाला, “बाई, ही कोनाची फनी करून राह्यल्या? राक्षसिनीची?”

“माहीच,” आत्या म्हणाली.

ते नाव पडलं ते पडलंच. आत्याची फणी. ती अनवाणी पायानं दाबता दाबता तिच्या तळव्याला चीर पडली, तेव्हा कारंज्याच्या बाजारातल्या चांभाराकडून तिनं एकट्या उजव्या पायाचा बूट मिळवला. डावा कुठं गेला होता ते चांभारालाही माहीत नव्हतं. गावातली माणसं हसायची. “आत्या, एकच पाय मास्तर झाला काय?” आत्या म्हणायची, “जो पाय काम करते, त्याले बूट. दुसरा नुसता सोबत येते.”

मी तिच्या खिडकीशेजारी सहा-सात वर्षं काढली. म्हणजे माझ्या खिडकीशेजारी ती, असं म्हणायला हवं, पण मला नेहमी उलटंच वाटायचं. तिचा दिवस कसा जाईल हे माती ठरवायची. पाणी दिल्यावर किंवा पाऊस उघडल्यावर ती वाफशाची वाट पाहायची. माती ओलीही नाही आणि सुकलेलीही नाही, अशी वेळ म्हणजे वाफसा. ती मूठभर माती घेऊन लाडू वळायची आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायची. लाडू तसाच राहिला तर हात झटकून परत. फुटला की फणी बाहेर. त्या दिवशी मग कोणी मेलं तरी ती हलायची नाही.

फणी रोवायची, वर चढून डुलायचं, दात पुरते आत गेले की खाली उतरून दोन्ही दांडे स्वतःकडे ओढायचे. जमीन किंचित उचलली जायची, झोपलेल्या माणसानं कूस बदलण्याआधी हलावं तशी. एवढं झालं की फणी काढायची आणि हातभर मागं सरकायचं. वरची माती वर, खालची खाली. मग त्यावर शेणखत आणि सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पसरायचं. एवढंच. पाहताना कंटाळा येईल असं काम. मला पहिल्या वर्षी खरंच यायचा.

तिला सगळं येत होतं असं मुळीच नाही. एकदा बाजाराची घाई म्हणून तिनं वाफशाची वाट न पाहता ओल्यात फणी घातली. काळी माती ती. चिवडली गेली आणि वाळल्यावर विटा झाल्या. तो वाफा हंगामभर वाया गेला. आत्या भेटेल त्याला बोलावून दाखवायची. “ये, पाह्य. माहा गाढवपना पाह्य.” जणू नवं काही उगवलं होतं.

मोजमाप ती मुळ्यानं करायची. फणी चालवायला लागल्यावर पहिल्या हिवाळ्यात तिनं मुळा लावला. एकेक मुळा बोटाएवढा खाली जाऊन काटकोनात वळला होता, कोपरासारखा. गावानं हसून घेतलं. आत्यानं ते वाकडे मुळे धुऊन एका रांगेत ओट्यावर मांडले आणि बराच वेळ पाहत बसली. “इथवर मोकयी झाली माती,” ती वळणावर बोट ठेवून म्हणाली. “इथून खाली मी अजून पोचली नाही.” पुढच्या हिवाळ्यात वळण थोडं खाली आलं. त्याच्या पुढच्या वर्षी मी तिथं होते. तेव्हा ती एक लांब, सरळ, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत येईल असा मुळा घेऊन भावाच्या घरात गेली आणि नामदेवराव जेवायला बसले होते त्यांच्या ताटाशेजारी ठेवून परत आली. मुळा नामदेवरावांनी मीठ लावून खाल्ला, हे काकूंनी मला आवर्जून सांगितलं.

तिच्या वांग्यांना कारंज्याच्या आणि मानोऱ्याच्या बाजारात नाव झालं. तसंच मेथी, पालक आणि कोथिंबिरीलाही; सांभार म्हणतात तिकडे कोथिंबिरीला. आत्या स्वतः टोपलं घेऊन बसायची आणि गिऱ्हाइकांशी भांडायची. भाजी चिवडणाऱ्या माणसाला ती सरळ म्हणायची, “काहून पिळून राह्यले? ते वांगं हाय, लेकरू नाही.”

मग प्रवीणचं लग्न ठरलं.

प्रवीण गुणी मुलगा. आत्यावर त्याचा जीव होता; ती आली तेव्हा तो शाळेत जात होता, तिच्याच हातचं खाऊन मोठा झाला. लग्न घरीच लावायचं ठरलं आणि मांडव कुठं, हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. मांडव खळ्यात. नेहमीसारखा.

“नाही,” आत्या म्हणाली.

मी तेव्हा काकूंना पत्रिकांवर नावं लिहून देत ओसरीतच बसले होते. नामदेवरावांना आधी कळलंच नाही की ही नाही म्हणते आहे.

“नाही म्हंजे?”

“म्हंजे खयात मांडव नाही.”

“सुभे, पोराचं लगन हाय. तुया मेथीपरीस लहान झालं काय?”

“लगन मोठं हाय. म्हनूनच सारं गाव येईन. सारं गाव त्या मातीवर नाचन. मंग मी पुन्हा पह्यल्या दिवसापासून सुरू करू?” आत्याचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता. “शायेच्या मैदानात टाका मांडव. म्याडम इचारतीन हेडमास्तरले. काहो म्याडम?”

मी मान डोलावली. दुसरं काय करणार? नामदेवराव उठून गेले आणि लग्न होईपर्यंत बहिणीशी एक शब्द बोलले नाहीत. मांडव शाळेच्या मैदानात पडला. पंगतीची सगळी वांगी मात्र खळ्यातली होती. तर्रीदार भाजी झाली होती. पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारलं, “वांगे कुठले हो?” नामदेवराव वाढप्यांच्या मागं फिरत होते. त्यांनी ऐकलं, घसा साफ केला आणि म्हणाले, “घरचेच.” बहिणीकडे पाहिलं नाही. आत्यानंही पाहिलं नाही, पण पदर तोंडाला लावला.

लग्नानंतर प्रवीणनं वडिलांच्या ट्रॅक्टरला नवा रोटावेटर घेतला. घरात नवी सून, दारात नवं अवजार. मुलगा उत्साहात होता. त्याच सुमारास आत्याचा उजवा गुडघा सुजायला लागला होता. ती कोणाला सांगत नव्हती, पण मला खिडकीतून दिसायचं. दांड्यावर चढण्याआधी ती जरा थांबायची, दात आवळायची, मग चढायची. प्रवीणलाही ते दिसत असणार.

रामनवमीला पोहरादेवीच्या जत्रेला आत्या दरवर्षी काकड्या, लिंबं आणि कोथिंबीर घेऊन जायची. गर्दीला काकडी लागते, उन्हाचे दिवस. त्या वर्षी मीही दर्शनाला तिच्यासोबत गेले. दुपारपर्यंत तिची टोपली रिकामी झाली. मग तिनं नव्या सुनेसाठी बांगड्या घेतल्या. मापासाठी सुनेची एक जुनी बांगडी पदराला बांधून आणली होती. परतताना रिक्षात दाटीवाटीनं बसलो होतो, तरी ती खुशीत होती. खळ्यातले वाफे हिवाळी भाजी काढून मोकळे झाले होते. आता पाणी देऊन वाफसा धरायचा, चवळी लावायची, दोडके मांडवावर चढवायचे, असं सगळं मला सांगत होती. “औंदा फनी कशी जाते पाह्यजा, म्याडम. लोण्यात सुरी जाते तशी.”

रिक्षा दाराशी थांबली तेव्हा ऊन कलत होतं. बोराटीचं कुंपण एका बाजूनं काढलेलं दिसलं. आत सगळं खळं एकसारखं, बारीक, तपकिरी, सपाट. वाफे नव्हते, सऱ्या नव्हत्या. कुटाराचे तुकडे मातीत मिसळलेले. ट्रॅक्टर पलीकडे उभा होता.

आत्यानं टोपलं खाली ठेवलं आणि चालत खळ्याच्या मध्यापर्यंत गेली. फणीनं मोकळ्या केलेल्या वाफ्यावर पाय ठेवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आज ती सरळ चालत गेली, कारण वाफा कुठं आहे हेच कळत नव्हतं. मध्ये जाऊन तिनं मूठभर माती उचलली. तिच्या बोटांत गांडुळाचे दोन तुकडे वळवळत होते.

प्रवीण टॉवेलनं मान पुसत घरातून आला. चेहरा हसरा.

“आत्या! पाह्य. अर्ध्या घंट्यात झालं. आता तुले पाय झिजवाची गरजच नाही. दरसाल मी करून देईन.”

“किती खोल गेला?” आत्यानं विचारलं.

“पुरा. दाबून चालवला.”

आत्यानं त्याच्या घामेजल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“तू जेवला काय?” ती म्हणाली.

“नाही अजून. तुयीच वाट पाहून राह्यलो होतो.”

“जाय. जेवून घे.”

तिनं हातातली माती खाली ठेवली. ठेवली, टाकली नाही. घरात गेली, बांगड्या सुनेच्या हातात स्वतः भरल्या, छान दिसतात म्हणाली आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तेव्हा कुठं प्रवीणचं हसू गेलं. तो मला विचारायला आला, “म्याडम, काही चुकलं काय?” मी सांगितलं. तो ओसरीच्या पायरीवर बसला आणि दिवेलागणीपर्यंत उठला नाही.

सकाळी आत्या अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून भावासमोर येऊन उभी राहिली. प्रवीण तिथंच होता, काकू चुलीपाशी. मला हाक मारून तिनंच बोलावलं होतं. साक्षीला असावं कोणी, असा तिचा विचार असेल.

“दादा, खयं माह्या नावानं करून दे.”

नामदेवरावांनी चहाची बशी खाली ठेवली. “पोरानं चुकून केलं. तुयासाठीच केलं.”

“मले मायीत हाय. म्हनूनच मागून राह्यली. रागानं कोनी केलं असतं तं मी भांडली असती, दोन शिव्या देल्या असत्या. मायेनं कोनी करन, त्याले मी कशी अडवू? तोंड नाही उघडत माहं. त्याच्यासाठी नाव पाह्यजे.”

“म्हंजे सख्ख्या भावावर तुया इश्वास नाही.”

“इश्वास हाय, दादा. नाव नाही.”

प्रवीण उठून तिच्या पाया पडायला गेला. तिनं त्याला वर उठवलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नजर भावावरून हलवली नाही. नामदेवराव म्हणाले, “पाहू.” गावात ‘पाहू’ म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं. आत्यालाही होतं. ती म्हणाली, “पाह्य. मी वाट पाहतो.” वऱ्हाडी बाया ‘पाहतो’च म्हणतात, पण त्या दिवशी तो शब्द मला वेगळाच जड वाटला.

आणि ती खरंच वाट पाहत राहिली. भांडली नाही, जेवण सोडलं नाही, गावकीत गेली नाही. सकाळचा चहा भावाला द्यायला जायची तेव्हा एवढंच विचारायची, “दादा, मानोऱ्याले कधी जाचं?” जमिनीच्या कागदांची कचेरी मानोऱ्याला होती. नामदेवराव काहीतरी पुटपुटायचे. ती कपबशी घेऊन परत यायची. हे उन्हाळाभर चाललं, पावसाळाभर चाललं. नामदेवराव चहा प्यायला शेजारी जायला लागले. मग ती शेजारी जाऊन विचारायची.

तिकडे खळ्यात तिनं दोऱ्या लावून वाफे पुन्हा आखले. प्रवीण रोज काठाशी येऊन उभा राहायचा. “मी चालवू काय फनी?” त्यानं एकदा विचारलं. “तुया पायाले घाई हाय,” आत्या म्हणाली. “कुटार आन.” तो कुटाराची पोती वाहायला लागला. पहिले मोठे पाऊस झाले, वर पापड धरला, जसा तिनं सांगितला होता तसा. ती उन्हात उभी राहून त्या पापडाकडे पाहत होती आणि मी माझ्या खिडकीत. मला वाटलं, आता ही खचेल. गुडघा सुजलेला, वय झालेलं, एवढ्या वर्षांची मेहनत अर्ध्या तासात गेलेली.

वाफसा आला त्या सकाळी ती दांड्यावर चढली. आणि एकदम थांबली.

“म्याडम!” केवढ्यानं ओरडली. “इकडे या!”

मी धावत गेले. फणीचे दात आडव्या नळीपर्यंत जमिनीत होते. ती न डुलताच खाली गेली होती.

“खालून मोकयीच हाय व माय,” ती म्हणाली. “त्याच्या यंत्राले तेवढं खोल जाता नाही आलं. वरचंच बिघडलं. मले वाटलं तेवढं काही गेलं नाही.” ती हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि दोन्ही हात मातीचे असल्यामुळे सगळं तोंड काळं झालं होतं.

ही बातमी नामदेवरावांच्या कानावर गेली. त्यांना मोठी सुटका वाटली. संध्याकाळी ते स्वतःहून बहिणीशी बोलायला आले.

“मंग काही बिघडलं नाही म्हन्तं ना? मंग नावाचं राहू दे आता.”

“मातीचं वेगळं,” आत्या म्हणाली. “नावाचं वेगळं. मानोऱ्याले कधी जाचं?”

शेवटी गाठ काकूंनी सोडवली. या बाईनं इतक्या वर्षांत नणंदेची बाजू घेतलेली कोणी पाहिली नव्हती. एकदा मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते. नामदेवराव जेवत होते. काकू पोळी वाढता वाढता, जणू मीठ हवं का विचारावं तशा म्हणाल्या, “देऊन टाका लेहून तिले. मले माहेरानं लुगडं-चोयी देऊन वाटेले लावलं, ते आजपावतर. घरातल्या एका तरी बाईचं नाव जमिनीवर लागू द्या. आपलं काही बुडत नाही.” नामदेवरावांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू ताटातली पोळी बोलली. मी विरजण न घेताच परत आले.

दिवाळीनंतर ते सगळे मानोऱ्याला गेले, प्रवीणनंच नेलं. परत आल्यावर काकूंनी मला तिथली गोष्ट सांगितली. कचेरीतल्या माणसानं आत्याला विचारलं, “नवऱ्याचं नाव?” आत्या म्हणाली, “बापाचं लेहा.” तो म्हणाला, “लग्न झालं ना बाई तुमचं?” आत्या म्हणाली, “झालं. पन जमीन बापाची हाय.” नामदेवराव शेजारीच उभे होते. काकू म्हणाल्या, ते खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उपरण्यानं चष्मा पुसत होते.

त्या हिवाळ्यात आत्यानं नामदेवरावांना खळ्यात बोलावलं. त्या दिवशी आत जाण्याआधी त्यांनी कुंपणाशी पायातल्या वहाणा काढल्या आणि उभे राहून विचारलं, “येऊ काय, सुभे?”

“ये ना,” आत्या म्हणाली. “इथून ये, सरीतून.”

पुढं माझी बदली वाशिमला झाली. निघताना आत्यानं मला पिशवीभर वांगी दिली. उपदेश वगैरे काही नाही. “भाड्याच्या घराले खिडकी पाहूनच घेजा,” एवढं म्हणाली आणि कामाला गेली, कारण वाफसा होता.

त्यानंतर मी तिला एकदाच पाहिलं. कारंज्याहून मानोऱ्याला लग्नाला चालले होते. एसटी इंझोरीला थांबली आणि मी खिडकीतून उगीच मान बाहेर काढली. फाट्याजवळ, रस्त्याचं काम चालू असताना कंत्राटदाराचे रोलर आणि गिट्टीचे ढीग जिथं महिनोन्‌महिने उभे असायचे, ती उजाड जागा बायांच्या बचत गटाला भाजी लावायला मिळाली होती, हे मला नंतर कळलं. तिथं पाच-सहा बाया घोळका करून उभ्या होत्या. मधे आत्या. केस पार पांढरे झालेले, गुडघ्याला पट्टा बांधलेला. तिच्यासमोर एक नवी फणी होती, आधीच्यापेक्षा लांब, दोघींनी मिळून चालवायची. दात बोटभरही आत गेले नव्हते.

मी हाक मारणार होते, तेवढ्यात त्यांच्यातली एक तरणी बाई वैतागून म्हणाली, “दगड हाय हा, आत्या. किती वर्ष लागतीन याले?”

कंडक्टरनं घंटी मारली. बस हलली.

“लागतीन तेवढे,” आत्या म्हणाली. “धर तिकडून.”